द्रवस्थितिक चक्रचालन

इंजिनाची ताकद दांडा, गिअर किंवा साखळीऐवजी दाबाखालच्या तेलातून चाकापर्यंत नेण्याची पद्धत. इंजिनाला जोडलेला दट्ट्यांचा पंप तेल दाबून पाठवतो, चाकाशी बसवलेली दट्ट्यांचीच मोटार त्या तेलाने फिरते आणि चाक ओढते. पंप आणि मोटार यांना जोडणारी वस्तू म्हणजे पोलादी नळ्या आणि जाड रबरी होज, एवढीच. वर्कशॉपमध्ये या पद्धतीला ‘हायड्रोस्टॅटिक’ आणि दट्ट्याला सरळ ‘पिस्टन’ म्हणतात. या नोंदीत नाशिक परिसरातील उपयोगावर, त्यातही देवळालीच्या तोफखान्यावर भर दिला आहे.

संज्ञा : तेलावर चालणारे प्रत्येक वाहन द्रवस्थितिक नसते. तेलाचा वेग वापरून, म्हणजे एका पंख्याने तेल फेकून समोरचा पंखा फिरवणे, ही द्रवगतिक पद्धत. टॉर्क कन्व्हर्टर तो हाच. तेलाचा दाब वापरून दट्ट्या ढकलणे ही द्रवस्थितिक पद्धत. लोक या दोहोंची नेहमी गल्लत करतात. रस्त्याकडेला खोदकाम करणाऱ्या जेसीबीचे बकेट आणि हात तेलाच्या दाबावर चालतात हे उघड दिसते, म्हणून तिची चाकेही तशीच चालत असावीत असे वाटते. प्रत्यक्षात नेहमीच्या बॅकहो लोडरच्या चाकांना ताकद मिळते ती टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि दांड्यातून. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-४ शंटिंग इंजिनांतील सुरी पारेषणही द्रवगतिक घराण्यातले आहे, त्यामुळे त्याचा येथे विचार केलेला नाही.

कार्यतत्त्व : पंपाच्या आत एक पोलादी ठोकळा फिरत असतो. त्यात रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या गोळ्यांच्या घरांसारखी भोके असतात, बहुधा ७ किंवा ९. संख्या विषम ठेवली की तेलाचा झोत कमी हेलकावतो. प्रत्येक भोकात एक दट्ट्या. दट्ट्यांची टोके पितळी पादुकांवर बसलेली असतात आणि त्या पादुका एका तिरप्या तबकडीवरून घसरत जातात. ठोकळा फिरला की तबकडीच्या उतारामुळे प्रत्येक दट्ट्या अर्ध्या फेरीत बाहेर येतो व तेल ओढतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत आत जातो व तेल ढकलतो.

सारे कौशल्य त्या तबकडीच्या कलात आहे. तबकडी सरळ उभी केली की दट्ट्ये जागच्या जागी फिरतात, तेल जात नाही आणि इंजिन चालू असूनही गाडी उभी राहते. थोडी कलवली की गाडी मुंगीच्या चालीने निघते, जास्त कलवली की वेग वाढतो. सरळ रेषा ओलांडून पलीकडे कलवली की तेल उलट दिशेने जाते आणि गाडी मागे येते. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, पुढे-मागे करताना मधला झटका नाही. एक दांडी पुढे ढकलायची किंवा मागे ओढायची, एवढेच चालकाचे काम.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला दट्ट्यांचा पंप नवा नाही. फवारणीचा एचटीपी पंप हे तीन दट्ट्यांचेच यंत्र आहे. पण एचटीपीचे पाणी वापरून बाहेर जाते आणि त्याचा दाब बागेत ‘किलो’त मोजतात, वीस-तीस-चाळीस. चक्रचालनात तेच तेल बंद वळशात पंपाकडून मोटारीकडे आणि मोटारीकडून पुन्हा पंपाकडे फिरत राहते, आणि दाब ३५० ते ४०० बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे जवळजवळ एक किलोच. वळशातून झिरपून जाणारे तेल भरून काढायला एक लहान भरण-पंप सतत २० ते ३० बारने नवे, गाळलेले तेल आत सोडत असतो.

चाकाकडच्या मोटारीची रचना बहुधा वेगळी असते. तिच्यात दट्ट्ये चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून बाहेर तोंड करून बसवतात. त्यांच्या टोकांवरचे रोलर सभोवतालच्या लाटेदार कड्यावर दाबले जातात आणि लाटेचा उतार त्यांना पुढे ढकलतो. अशी मोटार हळू फिरते पण जबरदस्त पिळते, म्हणून मध्ये गिअर न घालता तिच्यावरच चाक बसवता येते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मोटारीच्या एका फेरीला १ लिटर तेल लागते आणि दाब २५० बार आहे असे धरले, तर गळती व घर्षण सोडून पीळ सुमारे ३,९८० न्यूटन-मीटर मिळतो. चाकाचा व्यास १ मीटर असेल तर त्याच्या कडेला सुमारे ८१० किलोची ओढ, दोन चाकांची मिळून १,६०० किलोहून थोडी जास्त. १२ टनांची गाडी दहास एक चढावर चढवायला नुसत्या चढापोटी १,२०० किलो लागतात. उरलेल्या ४०० किलोंत मातीचा अडथळा भागवायचा. मिनिटाला प्रत्येक मोटारीत २० लिटर तेल सोडले तर चाकाच्या २० फेऱ्या होतात आणि गाडी ताशी पावणेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा किंचित कमी वेगाने जाते. यासाठी दोन्ही चाकांना मिळून फक्त १७ किलोवॅटच्या आसपास शक्ती पुरते. वेग सोडून दिला तर लहान इंजिनानेही मोठे ओझे हलते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य हेच असून तिला मोटारगाडीच्या मापाने मोजणे चूक आहे.

किंमतही मोजावी लागते. चांगल्या गिअरच्या वाटेने शंभरातले पंचाण्णव भाग चाकाला पोचतात. तेलाच्या वाटेने साधारण पंचाहत्तर ते पंचाऐंशी. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तेल थंड करणारा रेडिएटर लागतोच.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड जॅनी यांनी तिरप्या तबकडीचा दट्ट्या-पंप आणि तशीच मोटार जोडून पहिली व्यवहार्य यंत्रणा बनवली. तिचा पहिला मोठा उपयोग चाकांसाठी झाला नाही, तर युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज वळवण्यासाठी झाला. जर्मनीत हान्स थोमा यांनी कललेल्या आसाचे पंप विकसित केले. इंग्लंडमधील राष्ट्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्ये चाकांत तेल-मोटारी असलेला ट्रॅक्टर दाखवला आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६७ मध्ये असा ट्रॅक्टर बाजारात आणला. २००५ मध्ये मान या जर्मन कंपनीने मालट्रकच्या पुढच्या चाकांत गरजेपुरत्या चालू होणाऱ्या दट्ट्या-मोटारी दिल्या. ताशी २८ किलोमीटरनंतर त्या काम थांबवतात.

पोकलेन : मराठीत कोणत्याही कंपनीच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला ‘पोकलेन’ म्हणतात. हा शब्द फ्रान्समधील पोक्लँ कंपनीचा. जॉर्ज बाताय यांनी १९२७ मध्ये तिची स्थापना केली आणि १९५१ मध्ये तिने तेलाच्या दाबावर चालणारे खोदयंत्र आणले. सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोने तिच्या परवान्याखाली ही यंत्रे भारतात बनवायला सुरुवात केली. विहिरी, शेततळी आणि धरणांच्या कामांतून नाव खेडोपाडी पोचले. पुढे खोदयंत्रांचा धंदा केस कंपनीकडे गेला. पोक्लँचे नाव उरले ते तेल-यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि आज चाकात बसणाऱ्या दट्ट्या-मोटारींच्या जगातील आघाडीच्या उत्पादकांत ती गणली जाते. गावकऱ्यांच्या तोंडी असलेला शब्द असा नेमक्या विषयाशी जाऊन भिडतो.

देवळाली : नाशिकजवळ देवळाली येथे भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे आणि नाशिक रोड येथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र. देवळालीच्या गोळीबार क्षेत्रावर होणाऱ्या ‘तोपची’ या वार्षिक प्रात्यक्षिकात तोफा प्रत्यक्ष चालताना पाहता येतात. द्रवस्थितिक चक्रचालनाचे या जिल्ह्यातील सर्वांत उल्लेखनीय उदाहरण येथेच आहे.

भारताने २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या एफएच-७७बी या ४१० तोफांचा करार केला. या व्यवहारावरून झालेला वाद प्रस्तुत विषयाच्या कक्षेबाहेरचा आहे. ही ओढून न्यायची तोफ. लांबच्या प्रवासात ती ट्रकमागे जाते. पण तिच्या गाड्यावर स्वतःचे लहान इंजिन आणि हायड्रॉलिक पंप आहेत आणि त्यांचे तेल दोन मोठ्या चाकांच्या मोटारींना जाते. ट्रकपासून सोडवली की सुमारे १२ टनांची ही तोफ आपल्या चाकांवर आपणच निघते, ताशी सुमारे ८ किलोमीटरपर्यंत. मागच्या पायांखालची छोटी आधारचाके तेलाच्या दाबानेच खाली येतात. नळी उचलणे आणि वळवणे यांनाही तेच तेल. मूळ स्वीडिश रचनेत तोफ ट्रकला जोडलेली असतानाही चिखलात वा चढावर तिची चाके ट्रकच्या केबिनमधून चालू करता येत. मागे लटकलेले ओझेच मग ढकलू लागे.

तोफेला आपल्या पायांनी चालता यावे याला युद्धशास्त्रीय कारण आहे. एफएच-७७बी १४ सेकंदांत ३ गोळे टाकू शकते. पण गोळा हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याच्या मार्गावरून तोफेची जागा काढते आणि काही मिनिटांत प्रत्युत्तर येते. ट्रक आडोशाला उभा असतो. तो बोलवायचा, मागे घ्यायचा, जोडायचा, यात वेळ जातो. ज्या तोफेला स्वतःची चाके आहेत ती तेवढ्यात शे-दोनशे मीटर सरकलेली असते. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत १२ टनांचे धूड अंगबळाने रेटण्याची कल्पना केली म्हणजे या दोन मोटारींचे मोल कळते. १९९९ च्या कारगिल युद्धात याच तोफांनी मोठी कामगिरी बजावली.

बोफोर्सच्या तंत्रज्ञानावरून जबलपूरच्या कारखान्यात विकसित झालेल्या ४५ कॅलिबरच्या ‘धनुष’च्या पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९ मध्ये सैन्याला मिळाल्या. त्याआधी ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीत तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफा दाखल झाल्या होत्या. त्या दोन टोकांच्या आहेत. एम-७७७ टायटॅनियमची, सव्वाचार टनांच्या आसपास. हेलिकॉप्टरने उचलता यावी म्हणून इंजिन आणि चाकमोटारींना तिच्यात थाराच नाही. के-९ वज्र पट्ट्यांवर चालणारी स्वयंचलित तोफ. तिच्या पारेषणात पुढे जाण्याची ताकद टॉर्क कन्व्हर्टर व गिअरमधून जाते, पण वळण घेताना एक पट्टा जलद आणि दुसरा मंद करण्याचे काम दट्ट्यांचा पंप-मोटार संच करतो. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अॅटॅग्ज तोफेत नळी वळवणे व गोळा भरणे यांसाठी तेलाऐवजी विजेच्या मोटारी घेतल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला.

शेती व बांधकाम : ऊसतोडणी यंत्राची चाके दट्ट्या-मोटारींवर चालतात, कारण सरीतल्या उसाच्या दाटीप्रमाणे वेग क्षणोक्षणी कमी-जास्त करावा लागतो आणि पात्यांचे फेरे मात्र तेच ठेवावे लागतात. केस आयएचचे ऑस्टॉफ्ट ४००० यंत्र चाकण येथे बनते. डांबर व माती दाबणारे व्हायब्रेटरी रोलर याच तत्त्वावर. झटका बसला तर रस्त्यावर वळी उठते. काँक्रीटच्या ट्रान्झिट मिक्सरचे पिंप याच पद्धतीने फिरते, चाके नाही.

द्राक्षकाढणी यंत्रे युरोपात चार उंच पायांवर, प्रत्येक पायात वेगळी मोटार घेऊन ओळीवरून चालतात. नाशिकच्या मांडव आणि वाय पद्धतीच्या बागांत त्यांना वाट नाही.

बिघाड व देखभाल : दट्ट्या आणि त्याचे भोक यांतील फट मायक्रॉनमध्ये मोजतात; केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे फट त्याहूनही बारीक. सातपूरच्या मायको, म्हणजे आताच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजेक्टरच्या सुया आणि नोझल बनवताना नाशिकच्या कामगारांनी हीच बारकाई वर्षानुवर्षे हाताळली आहे. एवढ्याशा फटीत रेतीचा कण गेला की चरा पडतो. म्हणून या यंत्रणेचा मुख्य शत्रू ओझे नसून धूळ आहे. होज बदलताना तोंडाला बूच न लावणे, उघड्या डब्यातून तेल ओतणे, फिल्टर ‘अजून चालेल’ म्हणून ठेवणे, या तीन सवयींनी पंप जातो.

पंप जाऊ लागला की आधी तेल सांगते. निचऱ्याचे तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात तिरपे धरले की पिवळसर, सोनेरी चमक दिसते. ती पादुकांची आणि तबकडीची झीज. मग गाडी ‘थंडीत ओढते, गरम झाली की ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते, कारण तापलेले पातळ तेल वाढलेल्या फटींतून निसटते. खात्री करायची पद्धत साधी आहे. मोटारीच्या आवरणातून टाकीकडे जाणारी गळतीची नळी सोडायची, चाक अडवून यंत्रणेवर भार घ्यायचा आणि ती नळी मापाच्या डब्यात एक मिनिट धरायची. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तेल जमले तर ती मोटार खोलावी लागते. दोन्ही चाकांच्या मोटारी अशा मोजल्या की दोष कोणत्या बाजूचा आहे ते कळते, आणि दोन्ही चांगल्या निघाल्या तर पंपाकडे वळता येते.

उत्पादन : पुण्याजवळ पिंपरी येथे व्हिकर्सचा हायड्रॉलिक पंपांचा कारखाना होता, व्हिकर्स १९९९ मध्ये ईटनकडे आणि ईटनचा हायड्रॉलिक्स विभाग २०२१ मध्ये डॅनफॉसकडे गेला.