सुवर्णपदकापासून कोर्टापर्यंत

१८४७ साली हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात शेती आणि बागकामाच्या संस्थेनं एका झुडपाला सुवर्णपदक दिलं. त्या वर्षातली सर्वांत लक्षवेधी नवी शोभेची वनस्पती म्हणून! बांबूसारखी पोकळ, पेराची, लालसर ठिपक्यांची खोडं, बुडाशी सपाट आणि टोकाला निमुळती होत गेलेली हिरवीगार पानं, आणि उन्हाळा सरता सरता येणारे पांढुरक्या फुलांचे नाजूक तुरे. आज ब्रिटनमध्ये घर विकणाऱ्याला कागदावर लिहून द्यावं लागतं की माझ्या आवारात हे झुडूप आहे, नाही, की मला ठाऊक नाही. तिकडे घर घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींना हा प्रश्न नक्की आठवत असेल. झुडपाचं नाव जॅपनीज नॉटवीड.

पदक मिळवणाऱ्या माणसाचं नाव फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड. हा मूळचा जर्मन डॉक्टर, डचांच्या नोकरीत. १८२३ साली तो नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर पोचला. त्या काळात जपान बाहेरच्या जगाला बंद होता आणि युरोपीयांपैकी फक्त डचांना, तेही या एवढ्याशा बेटापुरतं, राहायची मुभा होती. सीबोल्ड जपानी विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवायचा आणि बदल्यात झाडं, बिया, चित्रं, जे मिळेल ते गोळा करायचा. पुढे त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले. नकाशे परदेशी माणसाकडे जाणं हा तिथे मोठा गुन्हा होता, त्यामुळे १८२९ साली त्याला हाकलून दिलं गेलं. त्याची जपानी सहचरी ताकी आणि लहानगी मुलगी इने मागेच राहिल्या. (ही इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानमधली पहिली स्त्री डॉक्टर झाली. आणि सीबोल्डनं हायड्रेंजियाच्या एका प्रकाराला ताकीच्या नावावरून 'ओताक्सा' असं नाव दिलं. माणूस अगदीच कोरडा नसावा.)

हॉलंडला परतल्यावर त्यानं लायडनजवळ जपानी झाडांची नर्सरी काढली. १८४८ च्या तिच्या सूचीपत्रात नॉटवीडचं कौतुक कसं केलं होतं बघा. झाड जोमदार आहे, वाळूच्या टेकड्या धरून ठेवायला उत्तम, गुरांना चारा होतो, मधमाश्यांना फुलं मिळतात. जाहिरातीला खोटेपणाचा नियम लावायचा म्हटलं तर ही जाहिरात शंभर टक्के खरी होती! त्यातला एकही गुण झाडानं नंतर नाकारला नाही. वाळू धरून ठेवणारं झाड तुमच्या परसातली मातीही तशीच धरून ठेवणार, हे मात्र सूचीपत्रात नव्हतं.

१८५० च्या ऑगस्टमध्ये सीबोल्डनं लंडनच्या क्यू उद्यानाला चाळीस झाडांचं एक पार्सल पाठवलं. त्यात हे झुडूप होतं. १८५४ मध्ये ते एडिंबरोच्या उद्यानातही पोचलं. तिथून पुढे नर्सऱ्या, त्यांची गिऱ्हाइकं आणि त्या गिऱ्हाइकांचे शेजारी. बागकाम करणाऱ्यांची एक जुनी सवय आहे, ती आपल्याकडेही आहे. जे झाड आपल्याकडे भरमसाठ वाढतं तेच आपण मोठ्या मनानं इतरांना देतो. नाजूक, रुसणारं गुलाबाचं कलम कोणी कुंपणावरून पुढे करत नाही.

त्या काळात बागेविषयीची मतंही बदलत होती. विल्यम रॉबिन्सन नावाचा एक प्रभावी लेखक रांगेत लावलेल्या, कातरलेल्या फुलझाडांना कंटाळला होता. १८७० साली त्याचं 'द वाइल्ड गार्डन' प्रसिद्ध झालं. परदेशातली काटक झाडं गवतात, पाण्याकाठी, झाडीच्या कडेला लावून द्यावीत आणि त्यांची त्यांना वाढू द्यावीत, अशी त्याची भूमिका. नॉटवीड अशा ठिकाणी त्याला पसंत होतं. कल्पना सुंदरच आहे, पण ती एकरांनी मोजायच्या जमिनीसाठी होती. घरं लहान होत गेली, बागा घरामागच्या पट्टीएवढ्या उरल्या, आणि सल्ला मात्र तोच राहिला. पुढे खुद्द रॉबिन्सननंच लिहिलं की हे झाड लावणं सोपं आणि बागेतून काढणं कठीण. पण तोपर्यंत घोडं गंगेत न्हालं होतं.

बागेबाहेर जंगली अवस्थेत हे झाड सापडल्याची ब्रिटनमधली पहिली नोंद १८८६ सालची, दक्षिण वेल्समधल्या मेस्टेग गावाजवळची. कोळशाच्या राखेच्या ढिगाऱ्यांवर ते भरपूर माजलं होतं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे. राखेच्या ढिगाऱ्यावर का, याचं उत्तर त्याच्या माहेरी आहे. जपानमध्ये ज्वालामुखीच्या राखेवर आणि लाव्ह्यावर जी झाडं सर्वांत आधी बस्तान बसवतात त्यांतलं हे एक. फुजीच्या उतारांवर ते आहे. तिथे त्याला इतादोरी म्हणतात, आणि शिकोकू बेटावरच्या कोची भागात त्याचे कोवळे कोंब आवडीनं खातात. तिथे त्याच्यावर जगणारे किडे आहेत, बुरशा आहेत, शेजारी उंच गवतं आहेत. सीबोल्डच्या पेटीतून झाड आलं, हे सगळे नातेवाईक आले नाहीत.

आणखी एक गंमत आहे. पेटीतून आलेल्या झाडाला पुनरुत्पादनासाठी जोडीदारही मिळाला नाही. २००० साली लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनभरातून दीडशे झाडांचे नमुने घेऊन जनुकीय तपासणी केली. सगळी झाडं एकच निघाली! म्हणजे एकाच मादी झाडाचे तुकडे. त्यांच्यात नर नाही, त्यामुळे स्वतःचं बी नाही. जी काही पसरली ती जमिनीखालच्या खोडांतून. आलं किंवा हळद असते ना, तसंच जमिनीतलं खोड, फक्त लांब आणि चिवट. एक ग्रॅमहूनही हलका तुकडा नवं झाड उभं करू शकतो. मग नदीला पूर आला की तुकडे वाहत गेले, रेल्वेच्या भरावाची माती हलली की तुकडे तिच्याबरोबर गेले, आणि माळ्यानं वैतागून कुदळ चालवली की एकाचे वीस झाले.

छोट्या बागेतला खरा पेच हाच आहे. तण म्हटलं की आपला हात आपोआप उपटायला जातो. इथे उपटणं म्हणजे पेरणं. कापलेली खोडं खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, खणलेली माती दुसरीकडे न्यायची नाही (१९९० च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये ती नियंत्रित कचऱ्यात मोडते). मग उपाय काय? सहसा ग्लायफोसेट, तेही उन्हाळ्याच्या शेवटी. त्या वेळी झाड आपला अन्नसाठा खाली पाठवत असतं, आणि त्या प्रवाहाबरोबर औषधही खाली उतरतं. हे सलग तीन-चार वर्षं. ज्यांना रसायन नको त्यांना दर थोड्या दिवसांनी कोंब छाटत, वर्षानुवर्षं चिकाटी धरावी लागते. २०१० साली जपानहून आणलेला एक रसशोषक किडा इंग्लंडमध्ये मुद्दाम सोडला गेला. त्याचा म्हणावा तसा जम बसला नाही. झाड आणायला एक पेटी पुरली, त्याचा शत्रू आणून वसवणं मात्र फार अवघड निघालं.

आपण हसायचं कारण नाही. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात १८०९ साली शोभेसाठी आणलेली घाणेरी आज आपल्या जंगलांत काय करते आहे ते दिसतंच. आणि उलट, आपल्या हिमालयातली गुलाबी तेरड्याची एक जात १८३९ साली ब्रिटनमध्ये बागेसाठी गेली आणि तिथल्या नदीकाठांवर मातली. २०१४ मध्ये तिच्यावर सोडायला जो तांबेरा निवडला, तो हिमालयातूनच नेलेला. आपल्या सोसायट्यांच्या बागेत पिवळ्या फुलांचं वेडेलिया हौसेनं लावतात, 'काही करावं लागत नाही हो, आपोआप पसरतं' म्हणून. सीबोल्डच्या सूचीपत्रात शोभून दिसलं असतं हे वाक्य.

तर मेस्टेग. कायद्यानं १९८१ मध्येच नॉटवीड रानात लावणं किंवा वाढू देणं गुन्हा ठरवलं होतं, पण स्वतःच्या बागेत असणं गुन्हा नव्हता, आजही नाही. भीती आली ती पैशाच्या वाटेनं. झाड सात मीटरच्या आत असेल तर घर धोक्यात, असा नियम रूढ झाला आणि बँका कर्जाला कां कू करू लागल्या. २०१३ पासून घरविक्रीच्या फॉर्मवर प्रश्न आला. काँक्रीट फोडणारं झाड अशी त्याची कीर्ती झाली, जी बरीचशी अतिरंजित आहे. ते आधीच्या भेगांतून वर येतं, भिंती पाडत नाही. २०१८ साली संशोधकांनी केलेल्या एका पाहणीत सात मीटरच्या नियमाला आधार सापडला नाही. इतर झाडाझुडपांपेक्षा त्याचा घरांना जास्त धोका आहे, असंही दिसलं नाही. २०२२ मध्ये घरांचं मूल्यमापन करणाऱ्यांच्या संस्थेनं सात मीटर सोडून तीन मीटर धरले. पण घबराट कमी झाली तरी ज्यांच्या घराची किंमत आधीच उतरली त्यांचं काय? २०२३ साली लंडनमधल्या एका विक्रेत्याला, फॉर्मवर 'नाही' लिहिल्याबद्दल, खरेदीदाराला ३२ हजार पौंड भरपाई द्यावी लागली, वकिलांचा खर्च वेगळा.

२०१८ साली मेस्टेगच्याच दोन बंगल्यांच्या मालकांनी रेल्वेविरुद्धचा दावा अपील कोर्टात जिंकला. रेल्वेच्या भरावावरचं नॉटवीड त्यांच्या हद्दीत शिरलं होतं. कोर्ट म्हणालं, नुसती किंमत घटली म्हणून भरपाई नाही, पण जमिनीत शिरलेली ती खोडं मालकाला आपल्या जमिनीचा मोकळेपणानं उपभोग घेऊ देत नाहीत, म्हणून भरपाई आहे. राखेच्या ढिगाऱ्यावरच्या त्या नोंदीला तेव्हा १३२ वर्षं झाली होती.

तिथून जवळच्याच दुसऱ्या खोऱ्यातल्या एका घरमालकानं नगरपालिकेवर दावा लावला. पालिकेच्या जमिनीतून आलेल्या झाडामुळे घराची किंमत कायमची ४,९०० पौंडांनी घटली, असं त्याचं म्हणणं. हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२४ मध्ये निकाल लागला. पालिकेनं २०१३ पासून दुर्लक्ष केलं हे खरं, पण झाड त्याच्या कितीतरी आधी, २००४ साली त्यानं घर घेतलं त्याच्याही आधी, कुंपण ओलांडून आलेलं होतं. म्हणजे नुकसान दुर्लक्षाच्या आधीच झालेलं. त्याला काही मिळालं नाही.