हेडलाइट बंद करा

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ लिहिलेलं असतं. त्यामुळे रात्रीच्या वेळी रस्त्यावर शिरताना कुणी ‘हेडलाइट बंद कर’ म्हटलं की आपण ऐकण्यात चूक केली असंच वाटतं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी अल्टाडीना नावाचं गाव आहे. तिथल्या सांता रोझा अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडाशी माझ्या मावसभावाने दिवे मालवले आणि गाडी पहिल्या गिअरच्या चालीने सोडली, तेव्हा मी सीटची कड धरून बसलो होतो. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग, सगळ्या आंधळ्या. आणि दोन्ही बाजूंना अंगभर लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या दिव्यांच्या माळा ल्यालेली प्रचंड झाडं.

मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेली मावशी इतका वेळ गप्प होती. ती काच खाली करून वर बघत म्हणाली, “अरे, हे तर मनालीचे देवदार!”

मावशीचं बरोबर होतं. ते देवदारच आहेत, आपल्या हिमालयातले. नाताळचे दिवे बघायला संध्याकाळी गाडी काढून निघायचं, ही आज अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत रुजलेली रीत. तिची सर्वांत जुनी आणि अजून चालू असलेली जागा शोधायला गेलं तर या देवदारांच्या गल्लीपाशी यावं लागतं. पण गल्लीत दिवे लागले १९२० साली. त्याच्या आधी दिव्याला घरातून बाहेर यायचं होतं आणि ते काही एका रात्रीत झालं नाही.

सुरुवात बैठकीच्या खोलीत आहे. जर्मन घरांतून नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावायची पद्धत निघाली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पसरली. तोडून आणलेलं, दिवसागणिक वाळत जाणारं झाड आणि त्याच्या फांद्यांवर उघड्या ज्योती. शेजारी पाण्याची बादली ठेवलेली असे. घरची माणसं झाडाभोवती बसत, मेणबत्त्या थोडा वेळ जळत, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने उठून त्या विझवल्या की सोहळा संपला. म्हणजे तो दिवा राखण करून बघायचा होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला तो लावलेला नसे.

मग वीज आली आणि वीज विकणारे आले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. त्याच वर्षी २२ डिसेंबरला एडिसनच्या कंपनीचा उपाध्यक्ष एडवर्ड जॉन्सन याने आपल्या न्यूयॉर्कमधल्या घरी ८० बल्बांचं झाड उभं केलं. बल्ब अक्रोडाएवढे, लाल, पांढरे आणि निळे, सगळे हाताने जोडलेले. शिवाय ते झाड विजेवर गोल फिरत होतं. वर्णन लिहून ठेवलं ते डेट्रॉइटच्या एका वार्ताहराने. मला या प्रसंगात भक्तिभाव शोधूनही सापडत नाही. साडीच्या दुकानदाराने लग्नात आपल्या बायकोला दुकानातला सगळ्यात भारी शालू नेसवावा, तशातला हा प्रकार. नाताळच्या विजेच्या दिव्याचा जन्म असा जाहिरातीत झाला, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं समजायला सोपं जातं.

त्याच्या महिनाभर आधी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘आयोलँथी’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं होतं. त्यातल्या प्रमुख पऱ्यांच्या केसांत बॅटरीवर चालणारे चिमुकले दिवे लुकलुकत होते. ब्रिटनमध्ये आजही अशा माळांना परीचे दिवे म्हणतात.

१८९४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या घरच्या झाडावर विजेचे दिवे लागले. तरी सामान्य माणसाला ही चैन परवडणारी नव्हती, कारण माळ विकतच मिळत नसे. वायरमन बोलवायचा, त्याने एकेक बल्ब तारेला जोडायचा आणि सण झाला की पुन्हा त्यालाच बोलवायचा. १९०३ च्या सुमारास तयार माळा बाजारात आल्या आणि वायरमनची गरज संपली. पुढे जी माळ घरोघर पोचली, तिच्यात आठ बल्ब एकापाठोपाठ एक असत. अमेरिकेतला विजेचा दाब १२० व्होल्ट, भागिले आठ, म्हणजे एकेका बल्बच्या वाट्याला पंधरा. एक गेला की आठही गेले.

हा हिशोब मला वेगळा शिकावा लागला नाही. आमच्या चाळीत गणपतीची माळ वडील स्वतः करत. सहा व्होल्टचे बल्ब, २३० भागिले सहा, म्हणजे अडतीस-चाळीस एका ओळीत, टोकांना डाग दिलेला आणि वर रंगीत प्लॅस्टिकची फुलं. आरतीच्या ऐन वेळी माळ विझायची. मग वडील एक चांगला बल्ब हातात घेऊन एका टोकापासून निघत, एकेक बल्ब काढून त्याच्या जागी तो लावून बघत. पाचव्याला पेटली तर नशीब. अडतिसाव्याला पेटली तर आरती आटपून प्रसादही वाटून झालेला असे. अमेरिकेतले बाप शंभर वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्री हेच करत बसलेले असणार, आणि तिथेही मागे उभं राहून कुणीतरी ‘वायर हलवून बघा’ म्हणत असणार.

माळ स्वस्त झाली आणि दिवा खिडकीकडे सरकला, मग अंगणात उतरला. डेन्व्हरमध्ये एक गोष्ट सांगतात. १९१४ च्या नाताळात एक मुलगा आजारी होता, त्याला खाली झाडापर्यंत येता येईना. घरच्या इलेक्ट्रिशियन आजोबांनी बल्ब लाल-हिरव्या रंगात बुडवले आणि त्याच्या खिडकीबाहेरच्या झाडावर लावले. दिवे लावले एका मुलासाठी, पण ते बघायला लांबून माणसं घोडागाड्या जोडून आली म्हणतात. गोष्टीवर सांगणाऱ्यांचा हात फिरला असेल, पण मला तिच्यातल्या घोडागाड्या महत्त्वाच्या वाटतात. दिवा एकदा उघड्यावर आला की तो कुणा एकाचा राहत नाही.

हे शहरांच्याही लक्षात आलं होतं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये ज्यांच्या घरी झाड नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक झाड उभं राहिलं. १९२३ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी बटण दाबून अडीच हजार दिव्यांचं राष्ट्रीय झाड उजळलं. त्यामागेही वीज उद्योगातल्या मंडळींचा हात होता. आपल्याकडे टिळकांनी घरातला गणपती चौकात आणला त्यामागचं कारण राजकीय होतं. इथे घरातलं झाड चौकात आलं त्यात दानधर्म होता, नागरिकपणाची हौस होती आणि विजेचा खप वाढवण्याचा डावही होता. वीज कंपन्या आणि बल्बवाले तर उत्तम सजवलेल्या घरांच्या स्पर्धा भरवू लागले. स्पर्धा म्हटली की शेजारी ईर्षेला पेटणार आणि गावातले लोक बघायला निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

निघणार कशाने? एव्हाना घोडा मागे पडला होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून रस्त्यावर होती आणि दरवर्षी स्वस्त होत होती. विसाव्या शतकाच्या विशीत बंद टपाच्या गाड्या वाढल्या आणि डिसेंबरच्या थंडीत लेकराबाळांसह संध्याकाळी फेरफटका मारणं सुखाचं झालं. ही गाडी म्हणजे चाकांवरची बैठकीची खोली. दिवा घराबाहेर आला होता, आता घरही त्याच्यामागे बाहेर पडलं.

अल्टाडीनात या दोन्हींची गाठ पडली. जॉन वुडबरी नावाच्या जमीनदाराला इटलीत देवदार दिसले आणि आवडले. त्याने बी मिळवलं, मळ्यावर रोपं वाढवली आणि १८८५ च्या सुमारास आपल्या नियोजित हवेलीकडे जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा लावली. हवेली कधी बांधलीच गेली नाही. कॅलिफोर्नियातल्या जमिनीच्या तेजीचा फुगा फुटला आणि मागे उरली ती कुठेच न नेणारी, दुतर्फा देवदारांची वाट. हिमालयातलं झाड, इटलीत आवडलेलं, अमेरिकेत न झालेल्या घराच्या दारात लावलेलं. पस्तीस वर्षांत ती झाडं उंच झाली. शेजारच्या पॅसाडीना शहरातल्या एका मोठ्या दुकानाचा मालक फ्रेडरिक नॅश याने १९२० मध्ये तिथल्या किवानिस या समाजसेवी क्लबाला हाताशी धरलं आणि झाडांवर दिवे लावले. म्हणजे पुन्हा दुकानदारच! पण इथे गंमत अशी की विकायला त्या रस्त्यावर काहीच नव्हतं, आजही नाही. दोन्ही बाजूंना घरं आहेत, मध्ये सुमारे एक किलोमीटरचा उतार आहे आणि त्यावर जवळजवळ दहा हजार दिवे आहेत. हेडलाइट लावले तर झाडावरचे दिवे फिके पडतात, म्हणून ते मालवायचे. १९९० मध्ये या गल्लीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली.

दिवे कसे चढतात हे मी भावाला विचारलं. शिडी तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. गावातले स्वयंसेवक शरद ऋतूत शनिवारी जमतात. झाडांच्या शेंड्यांकडे कप्प्या बसवलेल्या आहेत. माळ दोराला बांधायची आणि विहिरीतून पोहरा ओढावा तशी वर ओढायची. फांदीत अडकली की खाली सोडायची, झटका द्यायचा, पुन्हा ओढायची. नाताळ झाला की सगळं उलटं. भाऊ एकदा गेला होता. त्याच्या हाताला देवदाराचा चीक लागला तो दोन दिवस निघेना, आणि मावशीने तो खोबरेल तेलाने घालवला.

मधल्या वर्षांत दिवे विझलेही. दुसऱ्या महायुद्धात अंधार पाळावा लागला. १९७३ च्या तेलटंचाईत रोषणाईला कात्री लागली. १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस होते म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी राष्ट्रीय झाडाचा फक्त शेंड्यावरचा तारा लावू दिला. पुढच्या वर्षी झाड पुरं उजळलं ते ४१७ सेकंद, बंदिवासाच्या एकेका दिवसाला एक सेकंद. सात मिनिटंसुद्धा नाहीत. न लावलेल्या दिव्यालाही इतकं बोलता येतं, कारण तोवर लावलेला दिवा सगळ्यांच्या सवयीचा झाला होता.

आणि मग अतिरेक झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डायकर हाइट्स ही इटालियन वंशाच्या लोकांची वस्ती. १९८० च्या दशकात तिथे घर सजवण्याची चढाओढ लागली. आता मालक कंत्राटदार बोलावतात, पुरुषभर उंचीचे सैनिक दारात उभे करतात आणि मॅनहॅटनहून तिकीट लावलेल्या बसगाड्या येतात. स्थानिकांना स्वतःच्या गल्लीत गाडी घालता येत नाही. एलईडीने या हौसेला वीजबिलाचा लगामही उरला नाही. जुना मोठा बल्ब सात वॅट खात असे, त्याच्या जागचा एलईडी एका वॅटच्या आत भागवतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. पण त्या निळ्याशार उजेडात मला सण न दिसता दातांचा दवाखाना दिसतो. दाखवायला दिवा हवाच असेल तर वांद्र्याला किंवा गोव्यात दारावर टांगलेला कागदी तारा पुरतो: एक बल्ब, आणि तो तिथे का आहे हे सांगावं लागत नाही.

अर्थात दिवे बघायला वाहन करून निघणं आपल्याला परकं नाही. सव्वीस जानेवारीला मुंबईत व्हीटी, महापालिका आणि सरकारी इमारतींवर रोषणाई असे. चाळीच्या चाळी ट्रक ठरवून ती बघायला जात. मागे सतरंजी, डब्यात पुऱ्या, फाळक्याला धरून उभी असलेली पोरं आणि दिवे दिसले की एकच आरडाओरडा. तिथे ट्रकचे हेडलाइट कुणी बंद केल्याचं आठवत नाही.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी अल्टाडीनाच्या वरच्या दरीत वणवा पेटला. ईटन फायर म्हणून तो ओळखला जातो. नऊ हजारांहून अधिक इमारती त्यात गेल्या. सांता रोझा अ‍ॅव्हेन्यूवरचे देवदार बहुतांशी वाचले. मावशीने भारतातून फोन केला तो आधी भावाच्या घराची आणि लगेच झाडांची चौकशी करायला. डिसेंबर आला तेव्हा आसपासच्या रस्त्यांवर घरांच्या जागी मोकळे प्लॉट होते, आणि त्या वर्षीही दोर ओढून माळा वर चढल्या.

आम्ही गेलो होतो ती रात्र आगीच्या आधीची. गल्ली संपेपर्यंत मावशी काच खाली करूनच बसली होती आणि थंडीने आम्ही सगळे कुडकुडत होतो. टोकाला पोचून गाडी मुख्य रस्त्याला लागली तरी भाऊ वरच बघत होता. समोरून येणाऱ्याने दोनदा डिपर मारला, तेव्हा त्याला हेडलाइटची आठवण झाली.