लिंगायत पंथातील भविष्यविचार
मुहूर्त, शकुन, ग्रहफल यांविषयी व उद्याच्या चिंतेविषयी लिंगायत पंथाची भूमिका. बाराव्या शतकात कल्याण (सध्याचे बसवकल्याण, कर्नाटक) येथे कलचुरी राजा बिज्जल याच्या कारकीर्दीत बसवेश्वर व इतर शरण यांनी ती कन्नड वचनांतून मांडली. इष्टलिंग सदैव अंगावर असणाऱ्या भक्ताला कोणताही वार अशुभ नाही. शरणांची संमती मिळाली की तीच शुभ वेळ, असे बसवेश्वर मानीत.

या विचाराला कायक (श्रम) व दासोह (श्रमफलाचे समर्पण) या तत्त्वांचा आधार आहे. दिवसाची मिळकत त्याच दिवशी सत्कारणी लागावी, अशी अपेक्षा असे. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या आयदक्की मारय्याने एकदा गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून येण्यास सांगितले, अशी कथा आहे.

तथापि बिज्जलाचा वध व शरणांची पांगापांग (सु. ११६७) यांनंतरच्या शतकांत याच पंथात ‘कालज्ञान’ हे भविष्यकथनपर साहित्य निर्माण झाले. वीर वसंतराय हा राजा येऊन कल्याणचे वैभव पुन्हा प्रस्थापित करील, असे भाकीत त्यात आढळते. व्यक्तीचे ग्रहफल नाकारणाऱ्या पंथात उद्ध्वस्त समाजाच्या आशेला अशी वाट मिळाली. अनेक लिंगायत कुटुंबांत विवाहासाठी पंचांगही पाहिले जाते. वचनांतील आदर्श व लोकाचार यांतील हे अंतर पंथाच्या इतिहासाचाच भाग होय.