लेखनाचे माप आणि माप धरणारे हात

दुकानातल्या वजनामागे सरकारचा शिक्का असतो. लेखनाच्या मापामागे असा धाक नाही. ‘कवि’ लिहिले म्हणून कोणाच्या दारी पोलीस येत नाही. हे माप विश्वासावर चालते, आणि आमची युनियनही. म्हणून माप धरणारी माणसे निवडावी कशी, हा प्रश्न आम्हांस जवळचा वाटतो.

पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ व तेव्हाच्या औरंगाबादची मराठवाडा साहित्य परिषद, या चौघींनी 1961 साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभारले. पहिले अध्यक्ष दत्तो वामन पोतदार. महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम सरकारने 1962 साली मान्य केले; 1972 साली आणखी 4 जोडले गेले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला. खिळे जुळविणाऱ्या कंपॉझिटरचा हात हलका झाला.

एकाच गावाने सत्ता धरून बसू नये म्हणून महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी घटक संस्थांकडे पाळीने जाते. पाळी म्हणजे काय, हे गिरणीकामगाराला सांगावयास नको. पण जो हजेरीपटावर नाही, त्याची पाळी येत नाही. त्या चौघींत खानदेशची स्वतंत्र संस्था नव्हती.

संमेलनाध्यक्ष मात्र कित्येक वर्षे मतांनी निवडला जाई. मतदार हजाराच्या आसपास, मराठी बोलणारे कोट्यवधी! 2018 साली महामंडळाने ही निवडणूक बंद केली. 2019 साली यवतमाळला अरुणा ढेरे आणि 2024 साली आपल्या अमळनेरला रवींद्र शोभणे एकमताने अध्यक्ष झाले. मते मागत फिरण्याची नामुष्की टळली, हे खरे. पण आत काय बोलणे झाले, हे बाहेरच्यास कळत नाही.

याच अमळनेरला 1952 साली संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी. त्याच वर्षी आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाईंची गाणी छापून निघाली. बाईंना अक्षरओळख नव्हती; त्या कोणत्याच मतदारयादीत बसल्या नसत्या. तरी आमच्या लेवा बोलीचे माप महाराष्ट्राने त्यांच्याच तोंडून घेतले.

आमचीही एक चूक सांगतो. यावलला केळी भरण्याच्या हमालीचा दर आम्ही चौघांनी बसून ठरविला. दर चांगला होता, पण सभेला विचारले नव्हते. आठवडाभरही तो कोणी पाळला नाही. दुसऱ्यांदा झाडाखाली सभा घेतली. दर दोन पैशांनी कमीच ठरला, पण टिकला.

तेव्हापासून आम्ही मानतो की पुढारी मताने येवो, पाळीने येवो वा एकमताने, त्याने वर्षातून एकदा उन्हात उभे राहून हिशेब द्यावा. लेखनाचा नियम बदलावयाचा, तर आधी शिक्षकाला, छापखान्यातल्या कामगाराला आणि घरी अहिराणी वा लेवा बोलणाऱ्या पोराला विचारावे. माप त्यांनाच वापरावयाचे आहे.