दुसरं बाळ येतंय, मग मुलाला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार किती वाढवायचा?

दुसऱ्या बाळाची चाहूल लागली की दवाखाना, बारसं, मोठ्याची शाळा असा सगळा हिशेब मांडला जातो. मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या पगाराचा विषय मात्र 'बघू नंतर' म्हणून मागे पडतो. काही महिन्यांनी मावशी काम सोडतात, तेव्हा घरच्यांची धांदल उडते.

सरकारी दर असतो का?

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात कामगारांची नोंदणी आणि कल्याणकारी मदत आहे, पण मूल सांभाळण्याचा दर तो ठरवून देत नाही. म्हणजे आकडा बोलणीतूनच निघतो. धुण्याभांड्याचा दर बऱ्याच घरांत माणसं मोजून ठरतो, त्यामुळे माणूस वाढला की पैसे वाढतात. मूल सांभाळण्याचा पगार महिन्याचा एकरकमी असतो, आणि काम वाढलं तरी तो तिथेच अडकतो.

'आई घरीच तर आहे!'

बोलणी बहुतेक याच वाक्यावर अडतात. प्रसूती रजेचा कायदा लागू असलेल्या नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळते. आई घरी, म्हणजे मावशींचं काम कमी, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात आई बाळात गुंतते आणि मोठ्याची आंघोळ, जेवण, शाळेची ने-आण, वर त्याची नवी रुसवेफुगवी, सगळं मावशींकडे येतं. रजा संपली की त्यात तान्ह्या बाळाची भर पडते. म्हणून वाढ दोन टप्प्यांत ठरवणं दोघांनाही सोयीचं: पहिली बाळ घरी आल्यावर, दुसरी आई कामावर रुजू होताना. सुरुवातीलाच सगळा बोजा घरावर येत नाही आणि मावशींनाही पुढचं माहीत असतं.

वाढ की नुसता जास्तीचा वेळ?

उदाहरणासाठी पगार १५,००० रुपये धरू. रोज ९ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २३४ तास. तासाला साधारण ६४ रुपये. आता रोज दोन तास जास्त थांबायचं ठरलं तर महिन्याला ५२ तास वाढतात. त्यांचेच ३,३०० रुपयांच्या वर होतात. अशा वेळी '३,००० वाढवले' म्हणणं ही वाढ नाहीच, उलट तासाचा दर घटला. दोन मुलांचं काम तर त्यात मोजलेलंच नाही. आधी वेळेचे पैसे, मग वाढलेल्या कामाचे, असा क्रम ठेवला तर घासाघीस कमी होते.

बाळाची तेल-मालीश, शेक-शेगडी, दुपटी-लंगोट धुणं ही कामं गृहीत धरू नयेत. मालीश करणाऱ्या बाई बऱ्याचदा वेगळ्या असतात आणि त्यांचा दरही वेगळा. बारशाची साडी किंवा दिवाळीचा बोनस हा पगारवाढीचा भाग नाही. दरवर्षीची वाढही यात मिसळू नये, नाहीतर पुढच्या वर्षी कोणती कशाची यावरून वाद होतो.

विषय सातव्या महिन्याच्या आसपास काढलेला बरा. 'मावशी, बाळ आल्यावर काम वाढेल. तुम्हाला जमेल का, आणि किती अपेक्षा आहे?' असं आधी विचारावं, आकडा नंतर सांगावा. मावशींनीही 'तुम्ही द्याल ते' म्हणण्यापेक्षा कोणती कामं वाढतील ते एकेक करून बोलावं. ठरलेली रक्कम, वेळ, सुट्ट्या आणि वाढ कोणत्या तारखेपासून हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवावं. वाचायची अडचण असेल तर व्हॉइस मेसेज चालतो.