तीन डाकू, एक तान्हं बाळ आणि तौबा

पीटर काइन या अमेरिकी लेखकाची ‘द थ्री गॉडफादर्स’ ही कथा 1913 साली पुस्तकरूपाने आली. दरोडा घालून पळालेल्या तीन डाकूंना वाळवंटात एक बाई भेटते. बाळाला जन्म देऊन, त्याला तिघांच्या हवाली करून ती प्राण सोडते. पाणी संपत आलेलं असतं, तरी ते दिलेला शब्द पाळतात.

हॉलिवूडने ही कथा अनेकदा पडद्यावर आणली. विल्यम वायलरच्या ‘हेल्स हीरोज’मध्ये (1930) शेवटचा डाकू विषारी पाणी पिऊन गाव गाठतो, बाळ पोहोचवतो आणि मरतो. जॉन फोर्डच्या 1948 च्या चित्रपटात मात्र जॉन वेनचा बॉब जगतो. बाळ वाचवलं म्हणून गाव त्याच्यावर खूश असतं, पण खटला चालतोच. शिक्षा कमीत कमी मिळते, एक वर्ष आणि एक दिवस. पण ती भोगावी लागतेच.

मला हाच शेवट तौबेच्या जवळचा वाटतो. गुनाह सोडणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय करणं एवढ्यावर तौबा पुरी होत नाही. कुणाचा हक्क मारला असेल, तर तो परत करावा लागतो. फुजैल बिन अयाज आधी वाटमारी करायचे. तौबेनंतर ते लुटलेल्यांची माफी मागत फिरले, असं सांगितलं जातं.

बहिणीचा वारसाहक्क दाबून उमऱ्याला निघणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.