शाळेची जागा: जुन्या शाळांची साक्ष

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत देवळाच्या बांधणीचा वृत्तांत यावा, येऊन गेलेल्या पाद्रींच्या नांवांची माळ यावी, हा शिष्टाचार सर्वत्र रूढ आहे, व याही अंकांत तो इतर पानांवर पाळला गेला आहे. आम्हांस येथें दुसऱ्याच एका इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. महोत्सवाचें स्मारक म्हणून प्राथमिक शाळेची नवी इमारत उभारावी असें आपल्या धर्मग्रामानें ठरविलें. तेव्हांपासून चर्चा चालली आहे ती इमारत किती मजली असावी, दर्शनी कमान कोणत्या दगडाची असावी आणि कोनशिला कोणाच्या हस्तें बसवावी, एवढ्याचीच. जमीन कोणती, तिच्यांतील पाणी कसें, सांडपाणी जाणार कोठें, आणि संकटसमयीं मुलें कोणत्या वाटेनें बाहेर पडणार, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. जुन्या शाळांच्या हकीकती चाळून पाहतां असें दिसतें कीं, चांगल्या शाळा ओस पडल्या किंवा जळून गेल्या, त्या बहुतेक याच न विचारलेल्या प्रश्नांपायीं.

प्रथम आपल्याच किनाऱ्यावरील उदाहरण घेऊं. गोवें शहरांत १५४१ सालीं एका धार्मिक संघानें एतद्देशीय मुलांसाठीं विद्यालय काढण्याचें ठरविलें. १५४२ च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर त्या शहरीं उतरले, आणि पुढें तें विद्यालय येशूसंघाच्या हातीं येऊन सेंट पॉलचें कॉलेज या नांवानें सर्व पूर्वेकडे विख्यात झालें. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं आला तो याच ठिकाणीं. नाना देशांचीं व नाना भाषांचीं मुलें तेथें एकत्र शिकत असत. एवढें सर्व वैभव असतांही जागा मात्र प्रकृतीस मानवणारी नव्हती. १५७० च्या सांथीनंतर ती जुनी इमारत हळूहळू सोडावी लागली, व विद्यालय टेकडीवरील नव्या वास्तूंत गेलें. पुढें संबंध शहराचीच तीच गति झाली. भुसभुशीत जमिनींतून शौचकूपांची घाण झिरपून विहिरींत उतरे, आणि त्या पाण्यानें सांथी पुनःपुन्हां उठत, असें कारण इतिहासकार देतात. १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपलें राहणें पणजी येथें हलविलें, व १८४३ सालीं पणजी हीच राजधानी झाली. जुन्या कॉलेजाचें आज काय उरलें आहे म्हणाल, तर दर्शनी कमान. जुन्या गोव्यास संतांच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनीं ती अवश्य पाहावी. आमच्या येथील कमानीच्या वादांत भाग घेणाऱ्यांनीं तर ती विशेषेंकरून पाहावी.

आतां वसईकडे वळूं. आपली जमीन रेताड. पाणी भराभर जिरवणारी व तितक्याच सहजपणें घाणही खालीं पोंचविणारी. आपल्या पूर्वजांस हें पक्कें ठाऊक होतें. वाडीवाडीला बावखल खणून पावसाचें पाणी त्यांत सांठवावयाचें, विहिरीचें गोडेपण त्या सांठ्यानें राखावयाचें, व घाणीची जागा विहिरीपासून लांब ठेवावयाची, हा रिवाज त्यांनीं कोणत्याही इंजिनियरास न विचारतां पाळला. गेल्या शतकाच्या अखेरीस टँकरवाल्यांचा उपसा वाढला, विहिरी मचूळ होऊं लागल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या दिवसांचें स्मरण ज्यांस आहे त्यांस पाण्याचें मोल आम्हीं सांगावयास नको. तथापि त्यानंतर आपल्याच माणसांनीं आपलींच बावखलें भराव टाकून बुजविलीं, हेंही लिहून ठेवलें पाहिजे. शाळेसाठीं सुचविलेल्या दोन जागांपैकीं एक अशाच बुजविलेल्या बावखलाची आहे.

शौचकूप व विहीर यांमध्यें निदान ३० मीटर अंतर असावें, आणि शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीहून दीड मीटर तरी वर राहावा, असा एक साधा दंडक आहे. कागदावर तो सोपा वाटतो. परंतु जमीन पाहावयास आपली मंडळी जातात केव्हां? मे महिन्यांत, सुटीच्या दिवसांत, जमीन तडकलेली असतां! त्या वेळीं पाणी फार खोल गेलेलें असतें व प्रत्येक जागा कोरडी ठणठणीत दिसते. तीच जागा जुलैच्या अखेरीस पाहिली, तर हातभर खणतांच पाणी लागतें, आणि मे महिन्यांत निर्दोष ठरलेला शोषखड्डा सरळ पाण्यांत उभा असलेला आढळतो. विहिरीची परीक्षा उन्हाळ्यांत करावी, शौचकूपाच्या जागेची भर पावसांत. आम्हांस तर वाटतें, एकाच भेटींत दोन्ही परीक्षा उरकणाऱ्या समितीचा अहवाल वाचण्याचे श्रम न घेतलेले बरे.

पाणी किती लागेल, याचाही हिशेब व्हावयास हवा. दिवसाच्या शाळेस दर मुलामागें रोज ४५ लिटर हें प्रमाण भारतीय मानकांत धरलेलें आहे. त्यांत पिण्यापासून शौचालयापर्यंत सर्व आलें. मुलें ३०० धरलीं, तर रोजचे १३,५०० लिटर झाले. ४०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकांठीं दोन मीटर पाऊस पडला व त्यांतील पांचवा हिस्सा वायां गेला, तरी ६,४०,००० लिटर हातीं येतात; म्हणजे सुमारें ४७ दिवसांची बेगमी. हें सगळें पाणी चार महिन्यांत कोसळतें, म्हणून सर्व सांठवितां येणार नाहीं, हें खरें. परंतु पन्हळी, गाळणी व जमिनीखालील टांकी यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकांत मांडला पाहिजे. मागाहून तो मांडावयाचा म्हटलें म्हणजे कोणीतरी रंगकाम आधीं व्हावें असें सुचवितो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

नळ असणें निराळें आणि सर्व मुलांस नळ मिळणें निराळें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०० सालीं सातारच्या सरकारी शाळेंत दाखल झाले. शाळेंत पाणी होतें. परंतु या मुलानें नळास हात लावावयाचा नाहीं. शिपायानें नळ सोडला तर तहान भागावयाची, शिपाई नसला तर तसेंच राहावयाचें, ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. त्याच्याही आधीं, १८६८ सालीं, पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस मोकळा केला होता. १८४८ सालीं ज्यानें मुलींची शाळा काढली, त्यानेंच वीस वर्षांनीं हौद उघडावा, यांत आम्हांस एक सुसंगति दिसते. आपल्या ख्रिस्तसभेंतही कांहीं प्रांतीं जातीजातींचीं बांकें देवळांत वेगळीं होतीं, तेव्हां दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं. आजचा अडथळा पुष्कळदां अधिक मुका असतो. नळ उंच बसविला कीं पहिलीचें मूल पाणी पीत नाहीं. पायऱ्यांवर बसविला कीं चाकाच्या खुर्चींतील मूल पीत नाहीं. मुलींच्या शौचालयास कडी व पाणी नसलें कीं त्या सकाळपासून पाणी पिण्याचें टाळतात, आणि मोठ्या मुली महिन्यांतील कांहीं दिवस घरींच राहतात. नकाशावर जेथें निळी रेघ ओढलेली असते, तेथें खरोखर कोण पोंचणार व कोण नाहीं याचा निकाल लागलेला असतो.

यापुढील हकीकत दूरदेशची आहे. पण ती एका कॅथलिक धर्मग्रामाच्याच प्राथमिक शाळेची असल्यानें आपणांस परकी नाहीं. अमेरिकेंतील बिशपांनीं १८८४ सालीं बाल्टिमोर येथील तिसऱ्या परिषदेंत असा ठराव केला कीं, जेथें जेथें देऊळ तेथें तेथें त्याच्या जवळ, दोन वर्षांच्या आंत, शाळा असावी. हेतु थोर होता, आणि गरीब परदेशागतांनीं पै-पैसा जमवून हजारों शाळा उभ्या केल्या. देवळाच्या आवारांत जेवढी जागा मिळाली तेवढींत त्या कोंबल्या गेल्या. शिकागो शहरांतील देवदूतांच्या माउलीच्या नांवाची शाळा अशांपैकींच एक. तिचा जुना भाग १९१० सालचा. बाहेरून विटांची, आंतून लांकडाची. सुमारें १,६०० मुलें. १ डिसेंबर १९५८ रोजीं, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असतां, तळघरांत एका जिन्याच्या पायथ्याशीं ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपांतून आग उठली. खालच्या मजल्यावर जिन्यास दार होतें, तें धुरास आडवें आलें. वरच्या मजल्यावर दार नव्हतें, म्हणून जिना हाच धुराचा धुराडा बनला, व वर्गांतून बाहेर पडण्याची नेहमींची वाट क्षणांत नाहींशी झाली. आगीच्या प्रसंगीं उतरावयाचा बाहेरचा जिना एकच. धोक्याची घंटा अग्निशामक दलाशीं जोडलेली नव्हती. टेलिफोन गेला त्यांत पत्ता सांगितला गेला तो शाळेचा नसून कोपऱ्यापलीकडील पाद्रींच्या निवासाचा; त्यामुळें बंब प्रथम तेथें पोंचले. मग शिड्या आंत आणावयाच्या, तों आवाराच्या लोखंडी कुंपणाचें फाटक कुलुपबंद. ९२ मुलें व त्यांना शिकविणाऱ्या तीन धर्मभगिनी त्या आगीपायीं गेल्या.

आमच्या मनांत घर करून राहिलेली गोष्ट निराळीच आहे. त्या शाळेची अधिकृत तपासणी अवघ्या दोन महिन्यांपूर्वीं, ऑक्टोबरांत, होऊन ती उत्तीर्ण झाली होती. १९४९ सालीं शहरानें नवे कडक नियम केले होते, परंतु ते नव्या इमारतींस. जुन्यांस सूट होती. शाळेनें कोणताही नियम मोडला नव्हता. तिच्या जागीं पुढें १९६० सालीं नवी शाळा उघडली, तींत पाण्याचे आपोआप सुटणारे फवारे बसविले गेले.

आपल्या देशांत १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें ९४ मुलें शाळेंतच जळून गेलीं. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकाची आग गवती छपरास लागली. इमारत एक, शाळा तीन, आणि जिना अरुंद. स्वयंपाकघर कोठें असावें हा प्रश्न नकाशा काढतांना किरकोळ वाटतो. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांच्या अग्निसुरक्षेविषयीं आदेश दिले. त्याच वर्षीं शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टांत शिक्षकागणिक वर्गखोली, अडथळ्यावांचून येण्याची वाट, मुलामुलींची वेगळीं शौचालयें, पिण्याचें स्वच्छ व पुरेसें पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण इतक्या गोष्टी मागितल्या आहेत. आतां कोणी जाणता गृहस्थ म्हणेल, फादर, २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं असें ठरविलें आहे. होय, ठरविलें आहे. आणि २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निर्णयाचा मोठ्या पीठापुढें फेरविचार व्हावा असें सुचविलें आहे. वकिलांनीं त्याचा खल करावा. शाळा चालविण्याच्या स्वातंत्र्यासाठीं मिळालेली सूट आम्ही जपून ठेवूं. जिन्याच्या रुंदीसाठीं ती कोणी पुढें केली, तर आम्हांस शिकागोचें तपासणीपत्र आठवेल. विजेचें मीटर, मोडकीं बांकें व रद्दीचे गठ्ठे जिन्याखालीं ठेवण्याची आपली आवडती पद्धत नव्या इमारतींत चालूं देऊं नये, हें त्याच ओघांत सांगून ठेवतों.

राहिला आपल्या दोन जागांचा प्रश्न. रस्त्यालगतचें भातखाचर प्रशस्त आहे, मोटारीस सोईचें आहे, आणि तेथें कमान शोभेल. पण पाणी तेथें वाट पाहत बसलेलें आहे. बावखल बुजविलें म्हणून त्यांत येणारा ओघ आपली वाट विसरत नाहीं. देवळामागील उंचवटा आकारानें लहान. तेथें शाळा झाली तर सणाच्या दिवशींचीं दुकानें व बँड यांस दुसरीकडे जावें लागेल, आणि यावरून वडील मंडळी नाराज आहेत हें आम्ही जाणतों. त्यांची नाराजी अवास्तव आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. तथापि उंचवट्याच्या दोन्ही अंगांस वाटा आहेत, बंब थेट भिंतीपर्यंत येऊं शकतो, जुनी विहीर वरच्या बाजूस असून शौचालयें उताराच्या बाजूस ३० मीटरांपलीकडे बसतात, व वाडीवरून चालत येणाऱ्या लहान मुलांस हमरस्ता ओलांडावा लागत नाहीं. मजले दोनच करावे लागतील. आमचें मत उंचवट्याच्या बाजूस आहे.

मत पक्कें करण्यापूर्वीं एक काम वाचकांकडून हवें आहे. २६ जुलै २००५ रोजीं, जेव्हां मुंबईंत सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि पुन्हां जुलै २०१८ मध्यें, आपल्या घराच्या जोत्यावर किंवा विहिरीच्या कांठावर पाणी कोठपर्यंत चढलें होतें, याची खूण ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं ती कचेरींत कळवावी. देवळाच्या दारांत दोन्ही जागांचा नकाशा लावलेला आहे. त्यावर त्या खुणा उतरवून घेतल्या जातील. जुलैच्या शेवटच्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही समितीसह दोन्ही जागीं कुदळ घेऊन जाणार आहों. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं छत्री आणावी, आणि चपला घरीं ठेवाव्या.